दाखल्याचा उत्तररंग

"एकादशीले बारा वाजताच्या गाडीनं येतो. घराची किल्ली हातात नसन, तं त्याच गाडीनं ढाणकीले परत जाईन," असं भागीरथानं माहेराहून कार्डावर लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. कार्ड हातात पडलं तो दिवस होता दशमीचा.

तिचा नवरा घनश्याम राळेगावला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. चैत्रात घरमालक किसनरावांनी घराबाहेर काढल्यापासून तो दवाखान्याच्या औषधाच्या खोलीत झोपत होता. उशाशी फिनाईलचे डबे, आणि भिंतीपलीकडे एखादा आजारी बैल. गुन्हा म्हणाल तर एवढाच, की हा माणूस रोज पहाटे पाचला टाळ घेऊन भजनाला बसायचा. देवानं त्याला आवाज दिला होता तो भरल्या मैदानातल्या कीर्तनाला पुरेल असा, दोन खोल्यांच्या घरासाठी नव्हे. किसनरावांनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा काही न बोलता त्याचं सामान बाजेसकट रस्त्यावर मांडलं. भागीरथाही माहेरी जाताना बजावून गेली होती, "नव्या घरात टाळ वाजला, तं मी त्या घरात नाई."

नवं घर म्हणजे अब्दुल गनींच्या दोन रिकाम्या खोल्या. गनीचाचांनी तहसीलसमोरच्या निंबाखाली बसून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले होते. कागदावाचून त्यांचा सख्ख्या भावावरही भरवसा नव्हता.

"एक अर्ज आन," ते म्हणाले होते. "पहिलं घर काहून सोडलं, ते त्यात साफ लिव्ह. अन् संग कोन्या भल्या मानसाचा चालचलनाचा दाखला. कागज पाह्यल्याबगैर किल्ली भेटनार नाई, बेटा."

दशमीच्या दुपारी घनश्यामनं अर्ज लिहिला. 'पूर्वीचे घर सोडण्याचे कारण' इथं येऊन त्याचा हात अडला. मग त्यानं देवाच्या तसबिरीकडे न बघता लिहून टाकलं, 'हवापालट', आणि नंतर तसबिरीपुढं दोनदा कान धरले.

दाखल्यासाठी मात्र त्याला विचार करावा लागला नाही. बबनबुवांसारखा कीर्तनकार गावात असताना दुसऱ्या कुणाकडे जायचं? बारा वर्षं घनश्याम त्यांच्यामागं टाळ धरून उभा राहत होता.

"असा दाखला लिव्हतो घनश्याम," बुवा मांडी थोपटून म्हणाले, "का गनीमियांच्या डोयातून पानी आलं पाह्यजे!"

एकादशीच्या सकाळी बुवांनी गोंदानं चिकटवलेलं पाकीट त्याच्या हातात ठेवलं. गुरूचा कागद फोडून वाचणं घनश्यामला पाप वाटलं. तो उड्या मारतच गनीचाचांच्या ओसरीवर गेला. दहा वाजले होते.

गनीचाचांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, पाकीट फोडलं आणि दाखला मोठ्यानं वाचायला घेतला. तीस वर्षांची सवय होती ती.

"'सदर घनश्याम हा मायेच्या चिखलात गळ्यापर्यंत रुतलेला, क्रोधी, लोभी व पोटाचा गुलाम आहे...'" चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा तुहाच दाखला हाय ना?"

"असन जी... बुवांचं अक्षर तं हाय."

"'ज्याच्या छपराखाली तो राहिला, त्याच्या झोपेचा त्याने नाश केला. म्हणून त्याचे घर गेले. घरामागे बायको गेली...' काहून रे? हवापालट ना?"

चाचा पुढं वाचू लागले. पान भरून त्याचे अवगुण होते आणि पाठीमागं आणखी निम्मं पान. शेवटची ओळ होती, 'अशा या पतिताच्या जीवनात मग एके दिवशी'. त्यापुढं काहीच नव्हतं. चाचांनी पाकीट उलटं करून झटकलं, आत डोळा लावून पाहिलं.

दाराच्या पडद्याआडून चाचांच्या बायकोचा, खातूनबींचा आवाज आला, "एक दिन क्या हुआ जी?"

"लिखाच नहीं!" चाचा वैतागले. "घनश्याम, बाकीचा कागज कोठी हाय?"

"आत्ता आनतो जी!" म्हणून घनश्याम जो पळाला, तो बबनबुवांच्या अंगणात जाऊनच थांबला.

"बुवा, माह्या जिवावर काहून उठले? माहे गुन कोठी गेले?"

"गुन तं उत्तररंगात हायेत." बुवा शांतपणे म्हणाले. "पूर्वरंगात मानूस पार खड्ड्यात घाला लागते, तवा उत्तररंगात वर काढतानी मजा येते. बारा वर्सं टाळ कुटून तुले येवढंही समजलं नाई?"

"मंग तो उत्तररंग द्या ना! गाडी यायची वेळ होऊन राह्यली!"

"अरे बाप्पा, उत्तररंग कोनी कागदावर लिव्हते का? तो समोरची मानसं पाहून उभ्यानंच सांगा लागते. आन माहा फेटा, अन् तुहा टाळ घे!"

अकराच्या सुमारास बबनबुवा फेटा बांधून, चिपळ्या घेऊन गनीचाचांच्या ओसरीवर उभे राहिले. एकादशीला बुवा कुठं उभे राहिले की माणसं आपोआप जमतात. सरकीवाले आले, दवाखान्यात गुरं घेऊन आलेले आले. घनश्यामनं मनाशी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. आपण किती शांत भाडेकरू आहोत, हे चाचांना दिसलं पाहिजे.

बुवांनी आख्यान लावलं. भर पावसात तानाबाईची गाय अडली. डॉक्टर दौऱ्यावर. हा पतित कंपाउंडर दोन कोस चिखल तुडवत गेला. गाय बुजून जवळ येऊ देईना. तेव्हा यानं तिच्या कानाशी नामस्मरण धरलं, गाय उभी राहिली आणि वासरू सुखरूप बाहेर आलं.

"खरं हाय माय!" गर्दीतून तानाबाईच ओरडली. "माही कपिली अजून दूध देऊन राह्यली!"

बुवांनी "विठ्ठल, विठ्ठल" उचललं आणि मागं पाहिलं. घनश्यामनं ओठ मिटले. बुवांनी पुन्हा पाहिलं. घनश्यामनं दातांनी ओठ धरले. तिसऱ्यांदा मात्र बारा वर्षांची सवय त्याला आवरता आली नाही. टाळ खणखणला, आवाज फुटला. छपरावरची कबुतरं एकदम उडाली, आणि चार घरं सोडून दवाखान्यातल्या बैलानं ओ दिली.

भजन थांबलं. गनीचाचांनी अर्ज पुढं ओढला आणि 'हवापालट' या शब्दावर लेखणीनं आडवी रेघ मारली.

"खोटं लिव्हलं ना?"

"हो जी." घनश्यामनं मान खाली घातली. डोळ्यांसमोर परत निघालेली गाडी दिसत होती. "मी पहाटे पाचले गातो जी. म्हनून किसनरावांनं काढलं."

"रोज?"

"रोज."

"अन् बिमार असलास तं?"

"ताप असला तरी चुकत नाई जी."

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. आतून खातूनबी म्हणाल्या, "और क्या देखते हो? रख लो."

"ईदच्या दिवशी अलारमची घडी हातातून पडून बंद झाली," चाचा म्हणाले. "तवापासून माही फजरची, पहाटची नमाज रोज चुकून राह्यली. मशीद गावाच्या त्या टोकाले. बुढाप्यात नींदच नाई उघडत." त्यांनी कोरा कागद घेतला, झरझर लिहिलं, घनश्यामची सही घेतली आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

गाडी थांबली, त्याच क्षणी घनश्याम धापा टाकत मोटार स्टँडवर पोचला. भागीरथा पेटी घेऊन उतरली. त्यानं किल्ली वर धरली. सहा महिन्यांनी ती हसली.

"अन् कागद?" तिनं विचारलं.

त्यानं कागद दिला. भागीरथा बोट ठेवून वाचू लागली. 'मालकाची अलारमची घडी दुरुस्त होईपर्यंत भाडेकरूने रोज पहाटे ठीक पाच वाजता, मोकळ्या आवाजात, टाळासह भजन करावे. एक दिवसही खंड पडल्यास घर खाली करावे लागेल.'

तिनं मागं वळून पाहिलं. गाडी धूळ उडवत निघून गेली होती. भागीरथानं कागदाची नीट घडी करून कनवटीला लावली, पेटी नवऱ्याच्या डोक्यावर दिली, पदर खोचला आणि म्हणाली,

"या गावात घड्या दुरुस्त करनारा कोठी बसते जी?"