परसातली सात मडकी

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पैज लावून सांगतो! परवा रेवसच्या धक्क्यावर हीच हकीकत सांगितली, तेव्हाही आधी हेच बजावलं होतं. ओहोटीमुळे लाँच चिखलात रुतलेली, दोन तासांचा खोळंबा. बाकावर माझ्या शेजारी किहीमला चार दिवस राहून मुंबईला परतणारं एक जोडपं होतं, अजेय आणि आश्लेषा. पलीकडे आमच्याच आळीतली आवडाबाई टोपली घेऊन बसलेली. अजेयने मोबाईल काढला आणि मला त्याच्या गच्चीतल्या मेथीचे फोटो दाखवायला लागला. मेथी! चार बोटं उंच! मला काही राहवेना.

"माझ्या वांग्यांची हकीकत ऐकलीस," मी म्हणालो, "तर मेथीचे फोटो पुसून टाकशील."

"सांगा ना काका!"

मग सांगितलं.

मी दिनानाथ. उभं आयुष्य मिठागरात गेलं. चाळीस वर्षं जमिनीतून मीठ काढलं, पांढरं, डोंगरासारखं. पण हिरवं असं एक पान माझ्या हातून कधी उगवलं नाही. आमच्या परसातली मातीही तसलीच. तिथली कोंबडी अंडं घालते, ते खाताना वरून मीठ लागत नाही!

अजेयने हळूच आवडाबाईकडे पाहिलं.

"परस खारा हाय, ता खरा हाय," ती म्हणाली.

तर मरायच्या आधी स्वतःच्या परसातलं एक वांगं खायचं, एवढीच माझी इच्छा. पण माझ्या मुलाला, अल्पेशला, तेच परस डंपर उभा करायला हवं होतं. त्याचंही चुकत नव्हतं. डंपर रस्त्यावर उभा असायचा, आणि एसटी आली की बिचारा भाताचा घास हातात घेऊन गाडी हलवायला धावायचा. शेवटी आमच्या हिने, कृष्णाबाईने, निकाल दिला.

"शिमग्यापरयंत येक तरी वांगा दाखवा. न्हाय दाखवलात तर परसात शिमिट वतायचा! मंग डोलं पुसत माज्याकरं यायचं न्हाय."

भाताची कापणी उरकली आणि मी कामाला लागलो. खारी जमीन खालीच राहू दे, आपण तिच्या वर शेती करायची! जांभ्याचे चिरे रचून गुडघ्याएवढे उंच तीन वाफे बांधले. तळाला फुटकी कौलं, म्हणजे खारं पाणी वर चढणार नाही. त्यावर नारळाची सोडणं, सुक्या झावळ्या, पेंढा, शेणखत, आणि सगळ्यांत वर डोंगराकडची लाल माती. ती माती कुणी आणली? अल्पेशच्याच डंपरने!

"बाबा," माती ओतताना तो म्हणाला, "माझ्याच पार्किंगवर मी माती टाकतोय."

चाळीस रोपं लावली. खाऱ्या वाऱ्याने तेहतीस गेली. उरली सात. त्या सातांना मी बाळंतिणीच्या बाळासारखं जपलं. दिवस कलला की हिच्या जुन्या काळ्याकुट्ट मडक्यांतलं एकेक मडकं एकेका रोपावर उपडं घालायचो. वारा नको, गारठा नको. मडक्याभोवती उबेला पेंढा. कीड लागू नये म्हणून भांबुर्ड्याचा पाला, त्याचा वास मोठा उग्र असतो. सकाळी मडकी उचलायची आणि रोपांना ऊन दाखवायचं. दीड महिना असा गेला. रोपं वीतभर झाली. मी रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायचो.

"काय बोलायचात?" आश्लेषाने विचारलं.

"शिमगा कधी आहे ते सांगायचो."

कुणीच हसलं नाही. चांगली माणसं होती.

"आता तुम्हा मुंबईकरांना पोपटी ठाऊक नसेल," मी पुढे म्हणालो. "थंडीत आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरतात. मग मडकं उपडं घालतात, भोवती पेंढा रचतात आणि पेटवून देतात."

आश्लेषाचे डोळे मोठे झाले. "अरे देवा!"

हुशार पोरगी. एवढी अक्कल माझ्या मेव्हण्याला असती तर!

त्या रविवारी हिने आपल्या भावाला, हिरामणला, पोपटीला बोलावलं होतं. बायको, मुलं धरून सहा माणसं. पोपटीचं मडकं अजून रिकामं होतं. रोपं झाकून मी अंडी आणि शेंगा आणायला बाजारात गेलो, ही मसाला वाटायला घरात. तेवढ्यात हिरामण आला. गडी उत्साही. सरळ परसात गेला. बघतो तर काय, काळी मडकी, भांबुर्डा, पेंढा, सगळं जय्यत! आणि एक नाही, सात!

मी परतलो तेव्हा आमच्या दारात तीन टेम्पो उभे होते. परसात साठ माणसं. मधोमध माझे तिन्ही वाफे भडाभडा पेटलेले!

"भावोजी!" हिरामणने मला मिठी मारली. "आमच्यासाठी सात मडकी लावलीत? मी म्हटलं, सहा माणसांत सात मडकी संपायची कशी? फोन करून सगळ्या भावकीला बोलावून घेतलं! तुम्ही थकला असाल, म्हणून काडीपण मीच लावली."

माझ्या हातात अंड्यांची पिशवी होती. ती तशीच राहिली.

बोलणार काय? बायकोच्या माहेरची साठ माणसं गोल करून बसलेली, मांडीवर कागदाच्या प्लेटा, कांदा चिरून तयार! त्यांना सांगू, की बाबांनो, आत कोंबडी नाही, माझी रोपं आहेत? ही बाहेर आली, वाफ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. तिने पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षांत माझ्यासाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"भावोजी, किती कोंबड्या घातल्यात?" हिरामणने विचारलं.

"या खेपेला जरा वेगळं केलंय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वर पेंढा, खाली सोडणं आणि झावळ्या! वाफे कसले, वीटभट्ट्याच त्या! तीन दिवस धुमसत होत्या. धूर पार दिघीच्या जेटीवरून दिसला!

अजेयने पुन्हा आवडाबाईकडे पाहिलं.

"दिघीचा म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "माजी दोरीवरची लुगरी काली झाली, ता खरा हाय."

"मग काका? रोपं?" आश्लेषाने विचारलं.

मी नजर खाडीकडे वळवली. मग सांगितलं.

हिरामणने काठीने पहिलं मडकं उलटवलं. साठ माणसं माना उंचावून बघायला लागली. आत रोप उभं! राख नाही, कोळसा नाही, हिरवंगार! त्या धगीने रोपाला वाटलं असणार, वैशाख आला. घाईघाईने फुललं, घाईघाईने फळलं, आणि त्याच्या शेंड्याला देठासकट एक वांगं लोंबत होतं. तेही आयतं भाजलेलं! दुसरं मडकं, तिथेही एक. सातांत सात! साल नुसत्या बोटाने सुटत होती. कृष्णाबाईने एक घास घेतला, डोळे मिटले आणि भर भावकीत म्हणाली, "परस तुमचा."

अल्पेशने त्याच संध्याकाळी डंपर पेट्रोल पंपामागे नेऊन लावला. आज आमच्या परसात वांग्याचं रान आहे. एकेक झाड पुरुषभर उंच! भर दुपारी जाऊन बसा, अंगाला ऊन लागत नाही, अशी गार सावली पडते.

आश्लेषाने ओढणीने डोळे टिपले. अजेयने मेथीचे फोटो खरोखरच बंद केले.

"काका, पुढच्या वेळी बघायला येऊ?"

"या की! घर तुमचंच आहे!"

मग त्या दोघांनी सवयीने आवडाबाईकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. ती टोपलीवरचं फडकं सारखं करत होती.

"सावली परते, ता खरा हाय," ती म्हणाली. "काल तितंच बसून मी न किस्नाबाईनं कोलंबी सोलली. पन सावली डंपरची हाय, दिनानाथभाऊ!"