सात मिनिटं "आले, आले!"

या, जवळ सरकून बसा. पॅरिसच्या एका जिन्यात एका शब्दापायी किती माणसं खोळंबली, ते सांगतो.

लुडोविकने वीस वर्षांपूर्वीच्या डिस्को गाण्यातला दोन सेकंदांचा तुकडा कापला. बाई त्यात म्हणते, "आले, आले!" तोच तुकडा सात मिनिटं गरगर फिरवून, खाली धडाधड ठेका लावून त्याने नाचाचं गाणं केलं. अडचण एवढीच, की गायिका सोलांजबाईंची सही हवी. संमतीचा कागद तबकडीच्या कंपनीने त्यांच्या घरी रजिस्टर पोस्टाने पाठवलेला. आज सही नाही, तर तबकडी रद्द.

साडेअकराला लुडोविक बाईंकडे पाचव्या मजल्यावर हजर झाला.

"कागद आला नाही अजून," बाई म्हणाल्या. "तोवर गाणं तर ऐकव."

त्याने टेप मोठ्याने लावली.

"पुढची ओळ कुठाय?"

"पुढे हेच आहे, मादाम."

"नुसतं आले, आले? आणि येत नाहीच? चर्चमध्ये धरलेलं पद आम्ही पुरं करतो, बाळा. पुन्हा लाव बघू."

असं चार वेळा झालं.

तिकडे पोस्टमन गास्पारने केव्हाच बेल दाबली होती. आतून "आले, आले!" ऐकू आलं, म्हणून भला माणूस थांबला. आवाजाची तक्रार घेऊन खालचे बुवेसाहेब चढून आले.

"अहो, त्या येतायत," गास्पार म्हणाला.

"केव्हापासून?"

"अकरा पस्तीसपासून."

बाई येतेय म्हटल्यावर निघून कसं जायचं? बुवेही थांबले. जिना पुसणारी जानीन थांबली. पण ठेक्यापुढे उभ्या माणसाचा पाय कितीसा गप्प राहणार? आधी टाचा हलल्या, मग गुडघे, मग बुवेसाहेबांची ऑपरेशन झालेली कंबर.

"अर्ध्या ओळीला सही नाही!" आत बाईंनी निकाल दिला. लुडोविकने रडवेल्या तोंडाने दार उघडलं, तर जिनाभर नाच!

टेप संपली. गास्पारने घड्याळ पाहिलं.

"बारा वाजून चार. बारानंतर पत्र देता येत नाही, मादाम. कागद परत जाणार."

आपल्याच आवाजाने माणसं ताटकळली, हे बाईंना उमगलं. उंबरठ्यावरच त्यांनी सूर लावला आणि वीस वर्षांनी ती ओळ अख्खी गायली, "आले, आले, उशीर झाला, रागावू नकोस रे!"

गास्पारने निमूट घड्याळ पाच मिनिटं मागे केलं.

"अकरा एकोणसाठ. करा सही."

बाईंनी टपालाच्या पावतीवर आणि गाण्याच्या कागदावर सही केली, आणि गाण्याच्या कागदाखाली लिहिलं, 'ओळ पुरी करणे.'

आता गाण्याच्या शेवटी ती ओळ एकदाच येते, आणि नाचणारे उगीचच एकमेकांची माफी मागतात. कानी पडलं तर तुम्हीही नाचा. फक्त प्रार्थनेत गास्पारची आठवण ठेवा. त्याचं घड्याळ अजून मागेच आहे, आणि त्याच्या टपालाची वाट बघणारे पुष्कळ आहेत.