मानाची पहिली सुई

सांगलीच्या एका धर्मादाय दवाखान्यात १९७८ साली परदेशातून औषधाचा खोका आला. खोका लहान, आत पाचच कुप्या, आणि औषध अजून चाचणीच्या पायरीवर. डॉक्टर जोतीराम मोहिते तिकडे ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या गुरूंनी तो मोठ्या विश्वासानं पाठवला होता. आपल्याकडे खोका कसा फोडतात, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

आष्ट्याचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आकाराम यांची बायको राहीबाई स्त्रियांच्या वॉर्डात होती. छातीत कॅन्सरची गाठ. नेहमीच्या औषधानं गाठीपेक्षा बाईच जास्त झिजत चालली होती. डॉक्टरांनी आकारामना समजावलं, "हे नवं औषध प्लॅस्टिकच्या जातीच्या कणांत भरलंय. कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. वाटेत औषध सांडत नाहीत, गाठीपाशी पोचल्यावरच सोडतात. निदान तसा अंदाज आहे."

"म्हंजी फौजेतल्या टपालावानी!" आकाराम खूश झाले. "पत्र थेट जवानाच्या हातात. मदी कुणी फोडायचं न्हाई."

"अगदी तसंच."

डॉक्टर शरीराच्या आतल्या वाटेबद्दल बोलत होते. बाहेरची वाट दवाखान्याच्या विश्वस्त मंडळातून जात होती.

बेंदराच्या मिरवणुकीत पहिला बैल कुणाचा, साखर कारखान्यात गाळपाला पहिली मोळी कुणी टाकायची, हे ठरल्याशिवाय इकडे काही हलत नाही. मंडळानं रीतसर सभा भरवून एकमतानं ठरवलं की पहिल्या सुईचा मान अध्यक्ष आप्पासोंचा.

"पण आप्पासो, तुम्हाला काहीही झालेलं नाही!" डॉक्टर ओरडलेच.

"डॉक्टर, तुमीच सांगितलं न्हवं, रोग असंल तितंच ह्ये औषध जातं? मग निरोगी मानसाला भ्या कसलं?"

मंडळानं विज्ञान मान्य केल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. डॉक्टरांनी सुई टोचायला साफ नकार दिला. मंडळानं त्या नकाराची आभारपूर्वक नोंद घेऊन कंपाउंडरला बोलावलं. हार झाले, बँड वाजला, आप्पासोंनी बाही वर केली.

पुढे आप्पासोंना उलट्या झाल्या आणि त्यांची पंचक्रोशीत गाजलेली मिशी गळून पडली. डॉक्टर म्हणाले, "तरी सांगत होतो!" पण मंडळानं शांतपणे विचार केला. औषध फक्त रोगाच्या जागी जातं. ते मिशीत गेलं. अर्थात रोग मिशीत होता. मिशीचा कॅन्सर वेळीच बरा झाल्याबद्दल अध्यक्षांचा जाहीर सत्कार झाला.

यावर उपाध्यक्ष लालासाहेब हादरले. ते विरुद्ध गटाचे, आणि त्यांची मिशी तर आणखी मोठी. दुसरी कुपी त्यांना गेली. मग दोन्ही गटांचा समतोल राहावा म्हणून एकेक कुपी एकेका गटाच्या सभासदाला. पाचवी मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनासाठी राखली.

वॉर्डात राहीबाईनं विचारलं, "आवं, त्या मिशीपरास माजी गाठ हलकी हाय व्हय?"

आकाराम दोन लढाया बघितलेला माणूस, पण त्यांना बायकोकडे बघवेना. ते तडक आप्पासोंकडे गेले.

"आप्पासो, पाचवी तरी तिला द्या. गाठ लय वाढलीया."

"आकाराम, तुमी फौजेतलं मानूस. शिस्त आमी शिकवायची व्हय? ती उद्घाटनाची हाय."

मंत्री आले, फीत कापली, सुई नको म्हणाले आणि गेले. कुपीला हार घालून ती अध्यक्षांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. हे औषध थंडीत ठेवावं लागतं, असं डॉक्टरांनी कळवताच कपाट पंख्याखाली सरकवण्यात आलं.

मग मंडळाचा अहवाल निघाला. औषध दिलेल्या चौघांपैकी एकालाही कॅन्सर आढळला नाही. यश शंभर टक्के. आकारामनी विचारलं, "ह्यात राहीबाई का न्हाई?"

"तिला कॅन्सर हाय," आप्पासो समजुतीनं म्हणाले. "उगा निकाल बिघडंल."

डॉक्टरांनी गुरूंना खरं ते सगळं लिहिलं आणि एका आजारी बाईसाठी एक कुपी मागितली. कुपी निघाल्याची बातमी कुपीच्या आधी पोचली. दवाखान्याच्या फाटकापाशी साताऱ्यापासून माधवनगरापर्यंतची ठणठणीत माणसं शिफारशीच्या चिठ्ठ्या घेऊन उभी राहिली. आकाराम रांगेच्या शेवटी होते, कारण त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, नुसती आजारी बायको होती.

पुढच्या धष्टपुष्ट गृहस्थानं हळूच मागे वळून विचारलं, "पावनं, आपलं कोन हाय का आत?"

"हाय की. बायको हाय."

गृहस्थाचा चेहरा उजळला. "मग आमचंबी तेवढं बघा की!"

त्या गृहस्थाला हसू नका. तो काही स्वतःसाठी आला नव्हता. तुम्हीही कधी ओळख काढून रांगेत पुढे गेला असाल; तो तुमचीच जागा धरून उभा होता. चिठ्ठीवर नाव तुमचं होतं.