पाचापैकी तीन

आपण समाधानी आहोत की नाही हे माणसाला स्वतःला कळत नाही. म्हणून ते मोजण्याची जबाबदारी कंपनीला घ्यावी लागते. पुण्यात खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ही जबाबदारी मनुष्यबळ विभागातल्या पूर्णिमाकडे होती. ती संख्याशास्त्र शिकलेली, त्यामुळे माणसांशी बोलण्याची तिला सवय नव्हती. (पदासाठी ही जमेची बाजू धरली गेली.)

यंदा अभय या मॅनेजरला त्याच्या टीमने पाचापैकी तीन गुण दिले. सगळ्यांनी, एकमताने. परदेशातल्या मुख्य कार्यालयाच्या मते चारच्या खालचा मॅनेजर जुलमी असतो. महिन्याभराने पुन्हा मोजा, आकडा सुधारला नाही तर त्याला नारळ द्या, असा आदेश आला.

पूर्णिमाला कुतूहल वाटलं, कारण या जुलमी माणसाची टीम सोडून कोणीच जात नव्हतं. तिने टीममधल्या कोथरूडच्या मंदाकिनीताईंना विचारलं.

"अहो, चांगलाच आहे तो. म्हणून तर तीन दिले."

"मग पाच का नाही?"

"पाच द्यायला काय झालंय एवढं?"

पडताळा म्हणून तिने इतर गोष्टींनाही गुण मागितले. मंदाकिनीताईंनी आईच्या पुरणपोळीला साडेतीन दिले (वेलची कमी). त्याच टीममधल्या यज्ञेश्वररावांनी स्वतःच्या लग्नाला अडीच दिले (संसार सुखाचा आहे). पुण्यातले तीन म्हणजे इतरत्रचे पाच, हे सिद्ध झालं. तिने तसं मुख्य कार्यालयाला सप्रमाण कळवलं. मोजपट्टी शास्त्रीय असल्याने शहराने बदलावं, असं उत्तर आलं.

शेवटी तिने अभयला सल्ला दिला, की टीमला सरळ सांगा. अभयने मीटिंगमध्ये मान खाली घालून सांगितलं, की नोकरी टांगणीला लागली आहे, जमलं तर पाच द्या. मग कँटीनमध्ये, गुण मागून घेण्याइतका हा कधी घसरला, यावर हळहळत चर्चा झाली.

फेरमोजणीत दोन आले.

अभयच्या निरोप समारंभाला रजेवरचे लोकही आले. मंदाकिनीताईंनी डोळे पुसले. यज्ञेश्वरराव बोलायला उभे राहिले.

"माणूस वाईट नव्हता," ते म्हणाले, आणि पुढे बोलवेना म्हणून खाली बसले.

हे आधी का नाही सांगितलंत, असं पूर्णिमाने नंतर त्यांना विचारलं.

"तोंडावर? डोक्यात गेलं असतं त्याच्या."

पूर्णिमाचा अभ्यास चालू आहे, फक्त नमुना अपुरा पडतो. तरी वाचकांनी आपल्या घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला मनातल्या मनात पाचापैकी गुण द्यावेत. आकडा त्या माणसाला सांगण्याचं कारण नाही. आजवर तरी आपण कुठे काही सांगितलंय?