अर्धवट पूजेची बॅटरी

"दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या. त्याला काय अक्कल लागते!" उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, हरेशच्या दुकानात उभं राहून चिंतामणरावांनी जाहीर केलं. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. ते होते स्टोअर्समध्ये, हे खरं. पण इलेक्ट्रिकल खातं त्यांच्या केबिनच्या बरोबर खाली होतं!

हरेशनं दोन जुन्या बॅटऱ्या पुढे ओढल्या. "साईं, इन पे प्लस-मायनस का निशान घिस गया है," म्हणत त्यानं मीटर लावून दोन्हींच्या प्लसवर खडूची रेघ मारली. "घरी जाके लाल कलर लगाओ. प्लसला प्लस, मायनसला मायनस. उलटा किया तो भडका! मीटर पण देऊ?"

"मीटर कशाला? मी आहे ना!"

हा खटाटोप चालला होता भंगारात निघालेल्या एका ॲम्ब्युलन्ससाठी. चिंतामणरावांनी ती विकत घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, ओटा, पंखा, छोटा फ्रिज, सगळं होतं. फक्त वीज नव्हती. रंग मात्र पांढराच राहिला होता. त्यामुळे गाडी सोसायटीबाहेर काढली की रस्त्यावरची माणसं हात जोडायची. एकानं तर खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "किती वाजता नेणार?"

हसू येतं, पण त्या माणसाचं फारसं चुकलं नव्हतं. पाण्याकाठी झोपावं आणि पाण्याकाठीच जाग यावी, ही त्यांच्या बायकोची, मीनलताईंची हौस. "रिटायर झालो की नेतो तुला बारवी धरणावर," असं चिंतामणराव दरवर्षी म्हणायचे. ते रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात मीनलताई गेल्या. घर खायला उठलं. त्या घरापासून पळायला ही गाडी घेतली होती, दुसरं काही नाही.

लेक हिमानी चिखलोलीला राहायची. तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, रविवारी येते. सगळं नीट चालत असेल तर खुशाल जा. नाहीतर गाडी भंगारात आणि तुम्ही माझ्याकडे!" लेक प्रेमानं जेवू घालेल, औषधं हातात देईल आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसवून ठेवेल. त्या खुर्चीची चिंतामणरावांनी धास्तीच घेतली होती.

रविवारी सकाळी त्यांनी लाल रंग शोधला. घरात थेंब नव्हता! शेवटी देवघरातला मीनलताईंचा करंडा काढला, गाडीतल्या बॅटऱ्यांवरच्या खडूच्या रेघा पुसल्या आणि दोन्ही प्लसना तेलात कालवलेलं कुंकू फासलं. "माफ कर गं," म्हणाले आणि जाड वायर आणायला बाजारात गेले.

परत येऊन बघतात तर हिमानी गाडीत! आणि बॅटऱ्यांच्या चारही टोकांना हळद, चारही टोकांना कुंकू, वर झेंडूची फुलं!

"अगं! हे काय केलंस?"

"बाबा," हिमानी म्हणाली, "तुम्ही कधी देवाला हात जोडले नाहीत. आणि आज आईच्या कुंकवानं पूजा केलीत! पण एकेकाच टोकाला? आणि हळद कुठंय? अशी अर्धवट पूजा ठेवतात का? मी पुसून सगळीकडे नीट लावलं." तिनं त्यांचा हात धरला. "जा तुम्ही बारवीला. आईची हौस पुरी करा. मी आडवी येणार नाही."

अगं, पूजा कसली, खूण होती ती! शब्द अगदी ओठांवर आले होते. पण लेक हसत होती, आई गेल्यानंतर पहिल्यांदा. चिंतामणरावांनी शब्द गिळले.

"जोडा ना बाबा! मी व्हिडिओ काढते!"

आता प्लस कुठलं? पहिलीचं डावीकडचं, हे नक्की. दुसरीचं? तेही डावीकडचंच असणार, सख्ख्या बहिणी तर आहेत! हरेशकडून मीटर आणावा, तर कशाला हवा ते लेकीला सांगावं लागणार. त्यांनी पहिली वायर आवळली. काही झालं नाही! छाती फुगली. त्यांनी दुसरी वायर टेकवली मात्र...

फाट्ट! निळा लोळ उठला, वायर लालबुंद झाली, झेंडू पंख्यावर जाऊन आदळला आणि मीनलताईंच्या साडीचा केलेला पडदा भुरुभुरु पेटला. हिमानीनं बापाला कॉलर धरून बाहेर ओढलं. वॉचमननं वाळूच्या बादल्या ओतल्या. पांढऱ्या गाडीतून काळा धूर निघत होता आणि फाटकाबाहेर दोघेजण हात जोडून उभे होते. या वेळी त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

दुपारी रिक्षा चिखलोलीकडे निघाली. पायाशी बॅग, मांडीवर करंडा. डावीकडची मिशी जळून गेली होती. हिमानी पदरानं त्यांच्या गालावरची काजळी पुसत होती. तिची बोटं अजून हळदीनं पिवळी होती.

"तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" ती मुसमुसत म्हणाली. "मला सकाळीच शंका आली होती, बाबा. तुम्ही पूजा अर्धवट केलीत ना, तिथंच माशी शिंकली!"

चिंतामणरावांनी उरलेल्या मिशीवरून हात फिरवला.

"हो गं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी हळद विसरणार नाही."