चांदणीच्या खुराजोगी कानस

आमचे आप्पा माणसाचं तोंड सर्वांत शेवटी बघतात. आधी पाय. तुम्ही दारात उभे राहून हात जोडता, तेव्हा समोरचे हे ऐंशीकडे झुकलेले गृहस्थ मान खाली घालून उभे असतात आणि तुम्हाला वाटतं, काय हा विनय! विनय वगैरे काही नाही. तुमच्या चपलेची टाच कुठल्या बाजूने झिजलीय, ते बघणं चाललेलं असतं.

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. पाहुणे दिवाणखान्यात पोहे खात होते आणि आप्पा गायब. मी शोधायला गेलो तर दारातल्या चपलांच्या ढिगासमोर उकिडवे बसलेले. नवऱ्या मुलाचा बूट उलटा धरून, एक डोळा मिटून, टाचेवरून नजर सरळ चालवत होते.

"मुलगा सरळ आहे," मला बघून म्हणाले. "दोन्ही टाचा सारख्या. बाप मात्र डावीकडे ढळतो."

बाप माझ्या मागेच उभा होता. बेसिन शोधत आला होता.

माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच समजून घ्या. पण आप्पांना त्याचं काही नाही. "गुडघा दुखतो ना? डाव्या टाचेखाली चामड्याची चकती घाला. बाहेरच्या अंगाला." व्याह्यांनी घातली. आता बडोद्यात आले की ते आधी आप्पांकडे जातात आणि वेळ उरला तर आमच्याकडे.

आप्पा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नात्याने आतोबा, राहायला आमच्या शेजारीच, पण सगळी गल्ली आप्पाच म्हणते. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत नालबंद होते. घोड्याचे खूर छाटायचे, कानशीने घासून सारखे करायचे आणि त्यांना नाल ठोकायची. संस्थान गेलं, पागा गेली. आप्पांनी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून नोकरी केली, पण रविवारचे ते नालबंदच राहिले. आधी टांग्यांचे घोडे होते. टांगे गेल्यावर लग्नाच्या घोड्या आल्या. मग नवरदेव बग्गीत बसू लागले, उघड्या गाड्यांत उभे राहू लागले, आणि उरल्यासुरल्या घोड्या विजेचं मशीन घेऊन मोटारसायकलवर फिरणाऱ्या एका नव्या नालबंदाकडे गेल्या. राहिली एक चांदणी. पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इब्राहीमभाईंचा तबेला आहे, तिथली पांढरी घोडी. दर दीड महिन्याने आप्पा तिच्याकडे जातात.

आता कानशीबद्दल. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये जन्म काढला. माझ्या सहीने किती कानशी खरेदी झाल्या असतील देव जाणे, पण मी एकीलाही हात लावलेला नाही. माझ्या लेखी कानस म्हणजे रजिस्टरातला एक नंबर. हे मी एकदा आप्पांसमोर बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या दोन्ही टाचा झिजल्यासारख्या वाटल्या.

"नंबर?" ते म्हणाले. "अरे, कानशीला स्वभाव असतो!"

खुराची कानस हातभर लांब असते. एका अंगाला मोठे दात, दुसऱ्या अंगाला बारीक रेघा. मोठ्या दातांनी खूर सपाट करायचा, बारीक बाजूने कडा गोल करायच्या. माझ्या मते इथे विषय संपतो. आप्पांच्या मते इथे सुरू होतो. एखादी कानस आळशी असते, दाबल्याशिवाय चालत नाही. ("तुझ्यासारखी," इति आप्पा.) एखादी तोंडाळ, नुसती टेकवली तरी लचका तोडते. आणि एखादी गोड बोलून खोल जाणारी. "तुझ्या आत्यासारखी. पहिल्या दोन हातांत कळतच नाही काय घेऊन गेली ते." खूर म्हणजे वाढलेलं नख, पण आत जीव असतो. कानशीचा एक हात जास्त फिरला तर घोडी आठवडाभर लंगडते. आणि कानस पुढे जाताना काम करते, मागे येताना उचलायची. परतीला घासली की दात मरतात.

हा नियम ते संसारालाही लावतात. माझं आणि माझ्या बायकोचं, शैलाचं, वाजलं की बाहेरून आवाज येतो, "मधू, बोललास ते बोललास. आता परत येताना घासू नकोस!" शैला हसते. भांडण तिथेच मोडतं, आणि माझा मुद्दा बरोबर असला तरी राहून जातो.

आत्या गेल्या वर्षी गेली. पुढच्याच महिन्यात, पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता, आप्पा डोक्याला टोपी घालून माझ्या फाटकाशी उभे. "स्कूटर काढ. कानस घ्यायचीय. जुनीचे दात गेले."

मांडवीच्या बाजारात कांतिभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. अरुंद आणि लांबच लांब. कांतिभाईंनी "आवो आप्पा, बेसो" म्हणत वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच कानशी काढल्या आणि तपासणी सुरू झाली. आप्पा एकेक घेऊन दारातल्या उजेडाला जायचे, एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघायचे. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचे. अंगठा दातांवरून उलटा फिरवायचे. मग निकाल. ही मधे वाकलीय. हिचा आवाज बद्द येतोय. ही तोंडाळ. ही आळशी. ही बरी आहे, पण मला ओळख देत नाही.

"ओळख?" मी विचारलं.

"तू गप्प बस."

चहा आला. आप्पा आणि कांतिभाई जुन्या टांगेवाल्यांच्या, त्यांच्या घोड्यांच्या, घोड्यांच्या खोडींच्या गोष्टी बोलत राहिले. मी खिळ्यांच्या डब्यावर बसून कानशींच्या वेष्टनाच्या कागदावरचं सुडोकू सोडवत होतो. दीड तासाने आप्पा उठले. "नाही कांतिभाई, हवी तशी नाही यातली एकही."

"आवता महिने नवो माल आवशे, आप्पा."

पुढच्या महिन्यात पहिला शनिवार, टोपी, स्कूटर. पाच कानशी. एकही पसंत नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. मी एव्हाना सुडोकूसाठी घरचा पेपर बरोबर नेऊ लागलो होतो. मी शैलाला म्हटलं, या माणसाने आत्याला एका भेटीत पसंत केलं यावर माझा विश्वास बसत नाही. ती म्हणाली, "आत्यांनी केलं असेल." चांदणीचं काम आप्पा त्या दात गेलेल्या कानशीनेच उरकत होते.

यंदा देवदिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि एका मंगळवारी आम्ही तबेल्यात गेलो. खूर हातात धरून ठेवायला आप्पांना माणूस लागतो. तो मी. माझं वजन पंच्याऐंशी किलो आहे, पण घोडीने पाय माझ्या मांडीवर टेकवला की ते सगळं कुठे जातं कळत नाही. इब्राहीमभाईंनी लगाम धरला. आप्पांनी जुनी नाल काढली, वाढलेला खूर छाटला आणि कानस चालवायला घेतली.

दहाएक हात झाले. थांबले. "बघतोय," म्हणाले. पुन्हा सहा हात. थांबले. "हवा जड आहे आज." मग चार हात. खाली बघावं तर खुराचा भुगाच पडत नव्हता. कपाळावरचा घाम मात्र टपटपत होता. खुराची आतली बाजू उतरली होती, बाहेरची तशीच उंच होती. अर्धा झालेला खूर घेऊन घोडी नीट उभीही राहू शकत नाही.

इब्राहीमभाई भला माणूस. बराच वेळ तो लगामाच्या बकलाशी काहीतरी करत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "आप्पा, गुरुवारे वरघोडो छे. पेला मशीनवाळाने फोन करूं?"

चांदणीने मान वळवून आप्पांच्या पाठीला नाक लावलं. तिला मशीनचा आवाज खपत नाही. एकदा आप्पा तापाने पडले असताना त्या माणसाने मशीन चालू केलं, तर ती खुंटा उपटून निघाली होती. पण वरात गुरुवारी होती, आणि आज हात चालत नाही म्हणून तो फोन झाला, की आप्पांना पुन्हा बोलावणं येणार नव्हतं. हे इब्राहीमभाईंना कळत होतं. मलाही. आप्पांना तर आमच्याआधी.

"दोन तास दे," आप्पा म्हणाले. "मधू, स्कूटर."

भर दुपारी पादऱ्याच्या रस्त्याने मांडवी. मी वाटेत तीन वेळा कोणाकोणाच्या शिव्या खाल्ल्या, आप्पांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही. कांतिभाई जेवणाचा डबा उघडत होते. मंगळवारी आप्पांना बघून ते दचकले, पण हात सवयीने वरच्या फळीवर गेला. वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, उलगडली. पाच कानशी.

मी डब्यावर बसलो आणि कागद हातात घेतला. त्यावर माझंच अक्षर होतं. एका ओळीत दोनदा सात लिहून मी सोडून दिलेलं सुडोकू, वर चहाचा गोल डाग. कागद तोच. कानशी त्याच. वर्षभर नवा माल आलाच नव्हता. कांतिभाई दर महिन्याला त्याच पाच काढत होते, त्याच कागदात परत गुंडाळत होते, आणि मी, साऱ्या जन्माचा स्टोअर्सचा माणूस, एकदाही माल ओळखला नव्हता. मी कांतिभाईंकडे बघितलं. ते डब्यातल्या रोटलीकडे बघत होते.

मला आप्पांची दया आली. म्हातारा फसला, असं वाटलं.

आप्पांनी पाचांपैकी तिसरी उचलली. उजेडाला नेली नाही, ठोकली नाही, अंगठा फिरवला नाही. दर महिन्याला जिला तोंडाळ म्हणून बाजूला करत होते, तीच.

"ही द्या."

कांतिभाईंचा घास हातातच राहिला. "अरे आप्पा, पहेलां जोई तो लो!"

"बघितलीय," आप्पा म्हणाले. "वर्षभर बघतोय."

मग कांतिभाईंनी पैसे न मोजता गल्ल्यात टाकले आणि उगाचच काट्याचं पारडं पुसलं.

परतताना आप्पा मागे बसले होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. हमरस्त्याला लागल्यावर आवाज आला.

"हातात जोर असला की बोथट कानस बरी. चूक झाली तरी थोडीच होते. जोर गेला की धारेचीच घ्यावी लागते."

मी गिअर बदलला. गाडी चालवताना बोलू नये.

तबेल्यात पोचल्यावर त्यांनी जुन्या कानशीची मूठ काढून नवीला बसवली. चांदणीचा पाय माझ्या मांडीवर आला. आप्पांनी कानस नुसती टेकवली आणि पुढे नेली, उचलून मागे आणली. खुराचा पांढरा कीस माझ्या पँटवर पडला. पुन्हा टेकवली. जोर नाही, घाई नाही. प्रत्येक दोन हातांनंतर ते थांबत होते, पण आता खरंच बघत होते. चारही पाय व्हायला ऊन उतरलं. शेवटची नाल ठोकून झाल्यावर इब्राहीमभाईंनी घोडीला फरशीवर चालवलं. आप्पा कान देऊन चारही टापा ऐकत राहिले.

"सारखी," म्हणाले.

गुरुवारी चांदणी वरातीत नाचली म्हणे. नवरदेव घट्ट धरून बसला होता.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला, तेव्हा मी जरा उशिराच उठलो. कानस तर घेऊन झाली होती. मांडवीला जायचं काही कारण उरलं नव्हतं. चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो, तर फाटकाशी टोपी.

"अजून अंघोळ नाही?" आप्पा खालून म्हणाले. "चल. ती मूठ ढिली बसतेय नवीला. मूठ बघायची."

शैलाने माझ्या हातातला कप काढून घेतला आणि टॉवेल दिला.

कांतिभाई दारातच उभे होते. "आवो आप्पा, बेसो." वरच्या फळीवरून त्यांनी एक गुंडाळी काढली. पाच लाकडी मुठी. आप्पांनी पहिली उचलली आणि उजेडाला नेली. एक डोळा मिटला.

"ही हाताला लागते," ते म्हणाले.

"हा, लागती तो छे," कांतिभाई म्हणाले आणि तीन चहा सांगितले.

कागद नवा होता. त्यावरचं सुडोकू कोरं होतं. मी खिळ्यांच्या डब्यावर बसलो आणि पेन काढलं.