फोटोत आहात तसे दिसा

कंपनीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत कार्डवाले बसत. त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी त्यांना सगळे कार्डवालेच म्हणत. येईल त्या माणसाला पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवायचं, फोटो काढायचा आणि ओळखपत्र छापून हातात द्यायचं, हे त्यांचं काम. "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." या तीन वाक्यांवर त्यांची नोकरी इतकी वर्षं चालली होती. दिवसभरात ते एवढंच बोलत. घरी गेल्यावर तेवढंही नाही.

घरी आई गेल्यापासून ते एकटेच होते. संध्याकाळी रेडिओ लावत. बातम्यांवर कधीतरी आपलं मत सांगत आणि समोरून उत्तर येणार नाही हे लक्षात आलं, की उठून भांडी घासत. शनिवार-रविवारी भांडीही लवकर संपत.

म्हणून त्यांनी दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. कलेची वगैरे हौस नव्हती. शनिवारी कुठेतरी जायला मिळेल, एवढाच हेतू. वर्ग चालवणाऱ्या बाईंची उभी हयात वर्तमानपत्रात फोटो काढण्यात गेली होती. अधूनमधून त्या आपल्या जुन्या सोबत्यांना शिकवायला बोलावत. त्यात एक फक्त घोड्यांच्या शर्यतींचे फोटो काढणारे होते आणि एक फक्त साबणाच्या वड्यांचे. पण चेहरे शिकवायच्या बाई स्वतः.

पहिल्या धड्याला प्रत्येकाने आपापल्या गल्लीतल्या माणसांचे फोटो भिंतीवर लावले. बाई कार्डवाल्यांच्या फोटोंसमोर थांबल्या.

"हे कोण?"

"कोपऱ्यावरचे न्हावी."

"काय केलंय यांनी?"

"काही नाही. केस कापतात."

"मग असे का दिसतायत, आत्ताच पकडून आणल्यासारखे? आणि या?"

"औषधांच्या दुकानातल्या ताई."

"कधी गेल्या?"

वर्ग हसला. कार्डवाल्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "गेल्या नाहीत हो बाई. सकाळीच भेटल्या."

बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "फोटो काढताना तुम्ही यांना सांगता काय?"

कार्डवाल्यांनी आपली तीन वाक्यं म्हणून दाखवली.

"हे आजपासून बंद. माणसाशी बोला. आपण कॅमेऱ्यासमोर बसलोय हे तो विसरला पाहिजे. विसरला, की दाबा."

"काय बोलू?"

"एरवी लोकांशी बोलता तेच."

कार्डवाल्यांनी आठवून पाहिलं. बराच वेळ झाला तरी त्यांना काही आठवेना. बाईंनी ते ओळखलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घरी कोण कोण असतं, असं विचारा. यावर कोणीही बोलतं. आणि सांगतील ते ऐका. नुसती मान हलवू नका." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "शेवटच्या शनिवारी दहा जिवंत चेहरे आणा. नाहीतर पुढच्या वर्गात जागा नाही. बाहेर रांग लागलीय."

पुढच्या वर्गात जागा नाही, म्हणजे शनिवार परत भांड्यांचा. कार्डवाले धास्तावले. पण दहा चेहरे आणायचे कुठून? घरी कोणी येत नव्हतं. न्हाव्याला त्याचा फोटो भेट दिल्यापासून तो आरशातूनही त्यांच्याकडे बघेनासा झाला होता.

नेमकं त्याच सुमारास ऑफिसात फर्मान निघालं: सगळ्यांची ओळखपत्रं बदलायची, सगळ्यांचे फोटो नव्याने काढायचे. का, ते कार्डवाल्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना कोणी काही सांगत नसे. अख्खं ऑफिस आपण होऊन आपल्या स्टुलावर येऊन बसणार, यापुढचं त्यांना काही सुचलंच नाही.

सर्वात आधी लेखाविभागाचे प्रमुख आले. बसले, हनुवटी स्वतःच वर केली.

"घरी कोण कोण असतं, साहेब?" कार्डवाल्यांनी विचारलं.

"फॉर्मात ते पण लिहायचंय?"

"नाही. सहज."

प्रमुखांनी दाराकडे पाहिलं, मग म्हणाले, "सासूबाई आल्यात. गेल्या वर्षी आल्यात. माझा चष्मा लपवतात आणि पेपर स्वतः आधी वाचतात. परवा मीही त्यांची कवळी..." पुढचं त्यांना हसण्यामुळे सांगता येईना. कार्डवाल्यांनी बटण दाबलं. फोटोत प्रमुखांची पडजीभ दिसत होती.

मग टेलिफोनवरच्या ताई आल्या. त्यांची लेक शीळ वाजवायला शिकली होती. कशी, ते दाखवताना त्यांच्या ओठांचा चंबू झाला. कायदेविभागाच्या वकीलबाईंनी आपल्या कुत्र्याबद्दल सांगितलं. तो आता नव्हता. त्यांच्या गालांवरून दोन धारा वाहिल्या, तो क्षण कार्डवाल्यांनी सोडला नाही. खुद्द मोठे साहेब आले तेव्हा त्यांनाही तोच प्रश्न गेला. आजवर त्यांना या इमारतीत तो कोणी विचारला नव्हता. "नात आहे," साहेब म्हणाले, "औषध दिलं की अस्सं तोंड करते!" आणि त्यांनी एक डोळा मिटून, नाक मुरडून, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली.

जिन्याखाली रांग लागू लागली. काहीजण फोटो चांगला आला नाही म्हणून दुसऱ्यांदा आले आणि फोटो न काढताच, बोलून परत गेले. कार्डवाल्यांना आता ऑफिसातल्या सगळ्यांचे सासू-सासरे, गुडघे, मुलांचे मार्क ठाऊक झाले. त्यांच्या घरी कोण असतं हे मात्र कोणी विचारलं नाही. पण त्याची त्यांना अपेक्षाही नव्हती. फोटो त्यांचा थोडाच काढायचा होता!

सोमवारी सकाळी इमारतीच्या दारात काचेचं नवं गेट उभं होतं. त्यावर कॅमेरा होता. माणसाने समोर उभं राहायचं, यंत्र त्याचा चेहरा ओळखपत्राच्या फोटोशी ताडून पाहणार आणि जुळला तरच गेट उघडणार.

एकाचाही चेहरा जुळेना. रांग रस्त्यावर गेली.

"यंत्राची चूक नाही," गेट बसवायला आलेला इंजिनिअर पडद्यावर बघत म्हणाला. "ते दिलेल्या फोटोसारखा माणूस शोधतंय. तुम्ही फोटोत आहात तसे दिसा, लगेच उघडेल."

लेखाविभागाच्या प्रमुखांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आ वासून हसून दाखवलं. गेट उघडलं. टेलिफोनच्या ताई चंबू करून आत गेल्या. मागोमाग कोणी डोळे फिरवत, कोणी जांभई देत, एकेकजण पार झाला. वकीलबाई तेवढ्या अडकल्या.

"मला असं एकदम रडायला येत नाही हो!"

"पगारवाढीचं आठवा," मागून कोणीतरी सुचवलं.

"त्याचं हसू येतं."

"मग कुत्र्याचं आठवा की, वकीलबाई. आम्हाला उशीर होतोय."

हे ऐकून त्यांना खरंच रडू आलं आणि गेट उघडलं.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. साहेब गेटसमोर उभे राहिले. गेट ढिम्म.

"उघड रे," साहेब गार्डला म्हणाले.

"हाताने उघडत नाही, साहेब. ते... जरा जीभ..."

"काय?"

"जीभ, साहेब. आणि एक डोळा."

साहेबांनी जीभ बाहेर काढली. गेट हललं नाही.

"नाकपण आहे, साहेब," इंजिनिअर पडद्यावर बघून म्हणाला.

आत गेल्यावर साहेब थेट जिन्याखाली आले. "हे फोटो कंपनीचे आहेत. एकही बाहेर जाता कामा नये. सगळे पुसा आणि शुक्रवारपर्यंत नियमाप्रमाणे नवे काढा. नाहीतर या स्टुलावर दुसरा माणूस बसवतो." स्टुलावर आपण बसत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.

कार्डवाल्यांनी फोटो पुसले. अख्खं ऑफिस पुन्हा आलं, मुकाट्याने बसलं, हनुवटी वर करून गेलं. या वेळी कोणी रेंगाळलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी साहेब एकटेच दारात येऊन उभे राहिले.

"तो... माझा फोटो. पुसलात?"

"तेव्हाच, साहेब."

"हं." साहेब जरा घुटमळले. "नातीला दाखवायचा होता."

शनिवारी कार्डवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले आणि पलंगावर बसून राहिले. रिकाम्या हाताने जाऊन बाईंना काय सांगणार? वर्ग सुटायची वेळ टळली तेव्हा त्यांनी बूट काढले.

सोमवारी दुपारी गार्डने खोलीचं दार ढकललं. "बाहेरच्या आहेत. माझ्या चेहऱ्यावर आत आणलंय. फोटो काढून पास द्या." त्याच्यामागे बाई उभ्या होत्या.

"एकही शनिवार न चुकवलेला माणूस शेवटच्या शनिवारी येत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणजे बहुतेक मेला. बातमी खरी आहे का बघायला आले."

कार्डवाल्यांनी सगळी हकीकत सांगितली. हकीकत साहेबांच्या जिभेपर्यंत आली तेव्हा बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "आधी माझा पास काढा. तो गार्ड बाहेर ताटकळलाय."

जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिलेल्या बाई स्टुलावर बसल्या. बसल्याबरोबर त्यांचे खांदे कानांना लागले, ओठ घट्ट मिटले आणि चेहऱ्यावर अशी कळा आली, की कोणाही न्यायाधीशाने जामीन नाकारला असता.

"बाई, जरा सैल बसा."

"सैलच बसलेय."

"खांदे—"

"माझे खांदे असेच आहेत. दाबा पटकन!"

नियमाप्रमाणे फोटो उत्तम आला असता. पण कार्डवाल्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "घरी कोण कोण असतं, बाई?"

आपलाच डाव आपल्यावर टाकला म्हणून बाई उसळणार होत्या. पण म्हणाल्या एवढंच, "कोणी नाही."

अख्ख्या ऑफिसला विचारून झालं होतं. हे उत्तर पहिल्यांदाच आलं. बाईंचे खांदे हळूहळू खाली उतरले. बटण दाबायचं ते आत्ताच, हे कार्डवाल्यांना कळत होतं. ते कॅमेऱ्यामागून बाहेर आले.

"माझ्याकडेही कोणी नाही," ते म्हणाले. "सकाळी निघताना अजून 'येतो' म्हणतो. सवय. परवा समोरच्या आजींना वाटलं, त्यांनाच म्हणालो. त्या म्हणाल्या, 'या हो, जपून जा.' दिवस चांगला गेला."

बाई हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता स्टुलाची कड धरून बसल्या. कार्डवाले बघत राहिले. आपल्या बोलण्यावर कोणी इतकं हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"दाबलंत ना?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"नाही. राहिलं."

"राहिलं?"

"ऐकत होतो."

"साफ नापास!" बाई म्हणाल्या. "असा चेहरा समोर असताना ज्याचं राहतं, तो फोटोग्राफर नव्हे. तशीही तुमची जागा रांगेतल्याला दिली मी." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. "वर्ग आठला सुटतो. त्यानंतर या. तेव्हा मी काही शिकवत नाही. नुसती बसलेली असते."

कार्डवाल्यांनी मान हलवली. मग नुसती मान हलवायची नाही हे आठवून म्हणाले, "येईन."

बाई गेल्या आणि लगेच परत आल्या. नव्या गेटला चेहरा दाखवल्याशिवाय बाहेरही जाता येत नव्हतं, आणि बाईंचा फोटो तर काढलाच नव्हता. त्या पुन्हा स्टुलावर बसल्या. कार्डवाले कॅमेऱ्यामागे गेले आणि लेन्स पुसू लागले. लेन्स स्वच्छ होती, हे दोघांनाही दिसत होतं.